नानांची धरपेटी

सकाळी फोन वाजायचा. पलीकडून नाव नाही, गाव नाही, नुसतं "सर, धरलं! या!" एवढं ऐकू यायचं आणि फोन बंद. मी पायात चपला सरकवायचो आणि बांधावरून निघायचो. काय धरलंय हे तिथं गेल्यावरच कळायचं. कधी बाजारभाव, कधी कीर्तन, तर कधी मला न कळणाऱ्या भाषेतला मासेमारीवरचा कार्यक्रम. एकदा तर नुसता काळा पडदा होता. "चित्र न्हाई आलं, पन आवाज बघा, आवाज!" असं म्हणत नाना त्या काळ्या पडद्याकडे घरात नातू झाल्यासारखे बघत बसले होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी दर वेळी जायचो, कारण आमच्या वस्तीवर एवढा आनंद दुसरीकडं कुठं फुकट बघायला मिळत नव्हता.

एकनाथ बोरुडे, म्हणजे बोरुडेनाना, आमच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मी तिथंच मराठी शिकवायचो. सोनईपासून तीन किलोमीटरवर आमची वस्ती, आणि त्यांच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक उसाचं शेत. नानांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी ते मांडवाच्या लोखंडी खांबाला टेस्टर लावून बघायचे. लोक हसायचे. पण एकदा खरोखरच खांबात करंट निघाला, आणि तेव्हापासून पत्रिका द्यायला येणारी माणसं "नाना, सहकुटुंब या आणि टेस्टर घेऊन या" असं सांगून जायला लागली. प्रयोगशाळेत पोरांना त्यांचं एकच सांगणं असायचं, "आधी बघ, मग बोल." हे ते प्राचार्यांनाही ऐकवायचे, आणि प्राचार्यही मुकाट्यानं आधी बघायचे.

नानांना टीव्हीचं वेड होतं असं मात्र कोणी समजू नये. टीव्ही ते बघायचेच नाहीत. ते कार्यक्रम धरून ठेवणाऱ्या धरपेटीच्या मागं लागले ते सुमनवहिनींच्या टीव्हीवरच्या चार मिनिटांपायी.

सुमनवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या सेविका. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, पडायच्या. आईबाप पहाटेच फडात जायचे, आणि लेकरं दिवसभर पाचटात लोळत असायची. वहिनी ती सगळी लेकरं गोळा करून अंगणवाडीत आणून बसवायच्या. आमच्या वस्तीतल्या काहींना ते रुचत नव्हतं. "आमच्या पोरांची खिचडी टोळीच्या पोरांना वाटत्यात" अशी कुजबूज होती. खोटं कशाला बोलू, पारावर ती कुजबूज चालायची तेव्हा मीही तिथंच बसलेला असायचो आणि मास्तर असून गप्प राहायचो.

तर एकदा सरकारी वाहिनीची गाडी आली. ग्रामीण भागातल्या अंगणवाड्यांवर त्यांना कार्यक्रम करायचा होता. वहिनींनी मुलांची गाणी म्हणून दाखवली, तक्ते दाखवले, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून टोळीच्या लेकरांबद्दल बोलल्या. त्या गाडीबरोबरच्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, बोललात छान, पण वेळ कमी आहे. बसलं तर ठेवू."

बसलं तर ठेवू! तेवढ्या एका वाक्यानं वहिनींची झोप उडाली. मला त्या म्हणाल्या, "सर, माझ्या तोंडचं इथं कोनी ऐकत न्हाई. टीव्हीतलं ऐकत्यात. तेवढं ठेवलं म्हंजी झालं."

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला होता. वस्तीवर बाकी सगळ्यांकडे केबल, आणि तिच्यावर ही वाहिनी दिसायची नाही. डिशची छत्री फक्त नानांकडे. त्यामुळं सगळी वस्ती त्यांच्या घरात. पडद्यावर कार्यक्रमाचं नाव आलं, सनई वाजली, आणि त्याच क्षणी शेताची थ्री फेज लाईट आली. आमच्याकडं ही लाईट आठवड्याआड वेळ बदलून येते. ती आली की विहिरीवर पळत कोण जाणार, म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू. वस्तीवरच्या चौदा मोटारी एकदम उठल्या, डीपीनं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीनं, धडाम असा आवाज केला, फ्यूज उडाला आणि घराची लाईट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी.

वहिनींच्या बहिणीनं कोपरगावात कार्यक्रम पाहिला होता. तिचा लगेच फोन आला. "अक्का, साडी लई खुलून दिसत व्हती!"

"मी बोलले काय?"

"चांगलंच बोलली की."

"टोळीच्या लेकरांचं व्हतं का त्यात?"

"ते काय ध्यानात न्हाई बाई. पन मागं तुमची गाय बांधली व्हती, ती दिसली."

वहिनींनी फोन ठेवला, "जाऊ द्या" म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला बसल्या. नाना दारात उभे होते. त्यांना ते "जाऊ द्या" फार लागलं. वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला नंतर कितीदा तरी म्हणाले.

त्याच महिन्यात कॉलेजनं जुने संगणक भंगारात काढले. त्यातला एक नानांनी घेतला. त्याच्यावर विंडोज काही चालेना. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी पाठवली आणि सांगितलं, नाना, हे फुकट आहे, आणि यावर टीव्हीचे कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करणारी पेटी करता येते. टीव्हीचं एक कार्ड आत घाला, त्याला छत्रीची वायर जोडा, दोन तासांचं काम आहे.

दोन तास! नानांची दोन वर्षं त्यात गेली आणि त्या पोराला ते मरेपर्यंत दुवाच देत राहिले.

पहिला घोळ कार्डाचा. नाना एसटीनं पुण्याला जाऊन, कागदावर लिहून नेलेला नंबर दुकानदाराला दाखवून, नंबर दोनदा तपासून कार्ड घेऊन आले. लिनक्सनं ते ओळखायलाच नकार दिला. तीन आठवड्यांनी भिंग लावून कार्डावरची अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की डब्यावर एक नंबर आणि आतल्या चिपवर दुसराच. कंपनीनं मधल्या काळात चिप बदलली होती आणि डबा तोच ठेवला होता.

"एक मुलगी दाखवली आनि बोहल्यावर दुसरीच उभी केली!" नाना हातवारे करत म्हणाले.

"मला बी प्रयोगशाळेतला मोठा सायेब सांगितला व्हता," वहिनी आतून म्हणाल्या. नाना इतके हसले, की कार्डाचं दुःख तिथंच संपलं.

या सगळ्याची नोंद ते प्रयोगवहीत करायचे. शाळेच्या प्रयोगवहीत असतात तसे रकाने आखून. मला एक पान अजून तोंडपाठ आहे. "उद्देश: संध्याकाळी सहाच्या बातम्या धरणे. साहित्य: संगणक, कार्ड, छत्री, वायर, धीर. निरीक्षण: पोट कमी करण्याच्या पट्ट्याची जाहिरात एक तास धरली गेली. निष्कर्ष: घड्याळ विलायतेचं आहे." त्याचं असं झालं होतं, की पेटी सहा म्हणजे विलायतेतले सहा समजत होती. तिकडं संध्याकाळचे सहा वाजले की आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. सलग चार दिवस नानांनी सकाळी उठून उत्साहानं पेटी उघडली आणि चारही दिवस तो पट्टेवाला माणूस पोट हलवत समोर आला. पाचव्या दिवशी घड्याळ भारताचं केलं, बातम्या धरल्या गेल्या, आणि मला फोन आला, "सर, धरलं! पोटवाला गेला!"

"पण नाना, नेहमीचा एखादा साधा रेकॉर्डर विकत घेतला तर?" मी एकदा विचारलं. मला वाटतं त्या काळात हा प्रश्न वस्तीतल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारला.

"अवो, ते बिघडलं तर गप बसतं. हे बघा," आणि त्यांनी पडद्यावर सरसर वर जाणाऱ्या इंग्रजी ओळींकडं बोट दाखवलं. "हे सगळं सांगतंय. न इचारता बी सांगतंय. आपल्यालाच कळत न्हाई ही आपली चूक. यंत्राला खोड नसते सर, खोड आपल्याला असते."

त्या ओळी वाचायला त्यांना मी लागायचो. मी मराठीचा मास्तर, माझं इंग्रजी शब्दकोशाच्या काठीनं चालणारं, पण नानांच्या लेखी मी विलायत पास. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची एक चावडी होती, जगभरातले लोक तिथं अडचणी टाकायचे आणि दुसरे उत्तरं द्यायचे. नानांच्या सांगण्यावरून मी तिथं इंग्रजीत लिहिलं, "महोदय, सविनय सादर, की मी खाली सही करणारा..." आणि शेवटी "कळावे, आपला विश्वासू". अर्जाखेरीज दुसरं काही लिहायची मला सवयच नव्हती. कुणीतरी दोन शब्दांत उत्तर दिलं, मॅन्युअल वाच. मला असा संताप आला! मी म्हटलं, नाना, हे उर्मट लोक आहेत, सोडा हा नाद.

नाना शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. आधी बघ, मग बोल. आपन न बघता बोललो." आणि माझ्याकडून त्या उर्मटाला आभाराचं पत्र लिहून घेतलं, शिवाय खाली "घरी सर्वांना नमस्कार". ते वाचून फिनलंड की कुठल्या देशातला एक म्हातारा एवढा खूश झाला, की पुढं वर्षभर तो नानांना एकेक पायरी समजावून सांगत राहिला. दिवाळीला नानांनी त्याला वहिनींच्या हातच्या चकल्यांचा फोटो पाठवला. त्यानं त्याच्या दारातल्या बर्फाचा पाठवला. नाना तो फोटो बघून म्हणाले, "एवढ्या थंडीत छत्री कशी टिकत असंल हो याची?"

असा एकेक खिळा ठोकत पेटी चालू झाली. वस्तीनं तिला नाव दिलं धरपेटी. ती आठ दिवस सुरळीत चालली, आणि नवव्या दिवशी लिनक्सनं पडद्यावर विचारलं, नवीन सुधारणा आल्या आहेत, घेऊ का? दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही ही नानांची रीत. विमेवाला येवो, भांडीवाला येवो, त्यांच्याकडून नाही निघायचंच नाही. ते व्हय म्हणाले. तासाभरानं सुधारणा बसल्या आणि पेटीला कार्ड दिसायचं बंद झालं. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

"व्हय म्हनायच्या आधी मला इचारीत चला," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर लिनक्सनं काहीही विचारलं की नाना आत डोकं घालून ओरडायचे, "अगं, हे म्हनतंय नवीन काय तरी हाय. घ्यू का?" आणि वहिनी चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायच्या, "नको. हाय ते बरं हाय." त्या सल्ल्यावर पेटी पुढं कितीतरी महिने टिकली.

एवढ्या सगळ्यात नाना मूळ काम विसरले नव्हते. दर महिन्याला एक पोस्टकार्ड माझ्याकडून लिहून घ्यायचे. "तो अंगणवाडीचा कार्यक्रम कृपया पुन्हा दाखवावा. तांत्रिक कारणामुळे संपूर्ण वस्तीस पाहता आला नाही." महिन्यामागून महिने गेले, उत्तर नाही. मी म्हणायचो, नाना, पोस्टकार्डं कुणी वाचत नाही आता. ते म्हणायचे, "वाचू दे न्हाई तर न वाचू दे, लिव्हलेलं तर हाय."

पण एक दुखणं शेवटपर्यंत राहिलं होतं. पेटी चालायची, वेळेवर धरायची, पण काही आठवड्यांत संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, आणि वीसपंचवीस मिनिटं तसंच. पुढच्या आठवड्यात सगळं ठीक. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा चौकोन. लाईटचा प्रश्न नव्हता, कारण डीपीच्या त्या अनुभवानंतर नानांनी पेटी आणि टीव्ही इन्व्हर्टरवर घेतले होते. मग दोष कुठं? त्यांनी लिनक्स तीन वेळा नव्यानं घातलं. वायर बदलली. फिनलंडच्या म्हाताऱ्याला आठवड्याआडच्या चौकोनांचं कोष्टक पाठवलं. त्यानं लिहिलं, माझ्या आयुष्यात असा दोष पाहिला नाही. मी म्हटलं, ग्रहांचं काही असेल. नाना माझ्यावर दोन दिवस रुसले.

वहिनी एकदा भाजी निवडता निवडता सहज बोलल्या, "अवो, मोटार चालू झाली की व्हतंय ते."

"मोटारीचा आनि लिनक्सचा काय संबंध?" नाना म्हणाले. "मी इन्व्हर्टरवर हाय!"

वहिनी निवडलेली भाजी घेऊन चुलीकडं गेल्या. आणि तीस वर्षं पोरांना आधी बघायला सांगणारे नाना ते बघायला काही उठले नाहीत.

मग एका पौषातल्या दिवशी फोन आला. मला नव्हे, नानांना आला, मुंबईहून. वाहिनीवरची कोणी मुलगी बोलत होती. "आजोबा, तुमची सगळी पोस्टकार्डं आम्ही भिंतीला लावलीत. कार्यक्रम येत्या गुरुवारी साडेपाचला पुन्हा लागेल. पण तेवढा एकदाच हं."

नाना बांधावरून माझ्याकडे धावत आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. धापा टाकत उभे राहिले. "सर, लागनारे," एवढंच म्हणाले, आणि मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

पंचांग बघावं तसं आम्ही लाईटचं वेळापत्रक बघितलं. गुरुवारी थ्री फेज येणार साडेपाचलाच! पेटी इन्व्हर्टरवर होती खरी, पण डीपीचा धडाका नानांच्या मनातून गेला नव्हता. फ्यूज उडाला आणि त्या झटक्यानं काही झालं तर? ते सायकल काढून घरोघर गेले. "एक तासभर ऑटो बंद ठिवा. सुमनचा कार्यक्रम हाय." आणि लोकांचं कौतुक वाटतं मला. खिचडीवरून कुजबुजणारेसुद्धा म्हणाले, "नाना, ऑटो बंद करतो, वर स्टार्टरपाशी उभा बी राहतो." नानांनी सगळ्यांना सातला घरी बोलावलं. धरताना गर्दी नको, धरल्यावर सगळ्यांनी बघायचं. वहिनींनी कोप्यांवर जाऊन टोळीच्या बायकांनाही सांगितलं, "तुमी बी या. तुमच्याबद्दल हाय."

गुरुवारी पाच वाजता आम्ही तिघंच त्या खोलीत होतो. नाना पेटीपाशी, मी खुर्चीत, वहिनी उंबऱ्यावर. त्यांनी मुद्दाम तीच साडी नेसली होती. साडेपाच झाले. सनई वाजली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकायला लागला, म्हणजे धरणं सुरू. बाहेर वस्ती अशी शांत, की एरवी आमच्याकडं संध्याकाळी तसं कधी होत नाही. तेरा विहिरींवर तेरा माणसं स्टार्टरवर हात ठेवून उभी होती.

पडद्यावर वहिनी आल्या. दोन वर्षांनी लहान, हातात तक्ता. मुलांनी गाणं म्हटलं. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं वहिनींचा श्वास चालला होता. त्यांच्या बोलण्याला सुरुवात झाली, आणि पहिलं वाक्य आमच्या कानात शिरायच्या आतच त्या शांततेत एक मोटार घरघरली. एकटीच.

नानांची. सगळ्या वस्तीचे ऑटो बंद करून आलेल्या माणसाचा स्वतःचा ऑटो चालू राहिला होता.

चौकोन! पडदाभर चौकोन. नाना किंचाळले आणि कळफलकावर तुटून पडले, लिनक्सच्या खिडक्या भराभर उघडायला लागले. मी विहिरीकडं पळायला उठलो. तोवर वहिनी उंबऱ्यावरून अंगणात पोहोचल्याही होत्या.

आणि तेव्हा मला ते दिसलं. छत्री बसवायला घट्ट जागा हवी म्हणून नानांनी सगळं घर हलवून बघितलं होतं आणि शेवटी अंगणातला तीन इंची लोखंडी पाईप पसंत केला होता. वावटळ आली तरी हा हलायचा नाही, असं मला त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं. वावटळीत तो खरंच हलायचा नाही. पण विहिरीचं पाणी त्याच पाइपातून गच्चीवरच्या टाकीत चढायचं. मोटार चालू झाली की आतली हवा आपटत यायची आणि सगळा पाईप ढाण ढाण करत थरथरायचा. त्याच्याबरोबर छत्रीही. आठ महिने नाना लिनक्सच्या पोटात दोष शोधत होते आणि दोष घराबाहेर, डोक्याच्या उंचीवर सगळ्यांच्या देखत हलत होता. मोटारीचा आवाज आमच्याकडं कोणी ऐकतच नाही, श्वासासारखा असतो तो.

वहिनींनी एका हाताचा विळखा पाइपाला घातला आणि दुसऱ्या हातानं छत्री गच्च धरली. मी ओरडलो, "वहिनी, थांबा, मी मोटार बंद करून येतो!"

"बंद करू नका सर!" त्या ओरडल्या. "बंद केली की पानी उलटं आपटतं, लई मोठा झटका बसतो! चालू द्या तशीच!"

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. कधीपासून माहीत होतं.

चौकोन विरले, चित्र आलं. मी दारात उभा होतो. आत पडद्यावर वहिनींची अंगणवाडी दिसत होती आणि बाहेर वहिनी, आतल्या पडद्याकडं पाठ करून, पदर खोचून, थरथरता पाईप छातीशी धरून उभ्या होत्या. मधे नाना. ते एकदा पडद्याकडे बघत, एकदा बाहेर बघत. त्यांचे हात कळफलकावरून खाली आले होते. "सुमन," एवढंच ते म्हणाले, आणि तेही तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. कार्यक्रम संपेपर्यंत ती बाई हलली नाही. संपल्यावर आत आली तर दोन्ही दंडांना पाइपाचा गंज लागलेला.

"धरलं का?" तिनं विचारलं.

"धरलं," नाना म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

सातला घर भरलं. तेरा मोटारींची माणसं, त्यांच्या बायका, पोरं, आणि दारापाशी, आत यावं की न यावं अशा बेतानं उभ्या असलेल्या टोळीच्या सातआठ बायका, फडातून आलेल्या तशाच. वहिनींनी त्यांना हाताला धरून पुढं बसवलं. नानांनी धरलेला कार्यक्रम लावला. गाणं झालं, पोरं स्वतःला ओळखून खिदळली. मग पडद्यावरच्या वहिनी कॅमेऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "टोळीची लेकरं बी माझीच हायेत."

"ठिवलंय!" वहिनी एकदम उभ्या राहिल्या. "ठिवलंय त्यांनी!"

आणि तिथून पुढं चौकोन. आवाज तुटला. वहिनी उंबऱ्यावरून पाइपापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागला, तेवढा. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजले जात होते, ते मी पाहिले. अकरा सेकंद. चित्र परत आलं तेव्हा वहिनींचं बोलणं संपलेलं, आणि टोळीतलं एक शेंबडं लेकरू पाटीवर रेघा ओढत होतं.

नानांनी चित्र थांबवलं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. एवढ्या दोन वर्षांचा खटाटोप ज्या शब्दांसाठी, तेवढेच नेमके गेले होते, आणि तेही त्यांच्याच मोटारीनं.

"मोटार माझीच व्हती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तू सांगितलं व्हतं. मी उठून बघितलं न्हाई. अकरा सेकंद गेले तुझे."

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "तेवढं मला पाठ हाय."

आणि त्या पडद्याच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे तोंड करून. "चार म्हैने राहत्यात म्हनून त्यांना परकं समजू नका. त्यांच्या आया आपल्या उसात राबत्यात. मग त्यांची लेकरं आपल्या अंगनवाडीत बसायलाच पायजेत." टीव्हीतलं नव्हतं ते, त्यांच्या तोंडचंच होतं. पण वस्तीनं ऐकलं. पारावरचे सगळे खाली मान घालून ऐकत होते, आणि त्यांच्यात मीही होतो. पुढं बसलेल्या बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला.

मी त्या बायकांच्या आडून नानांकडे बघितलं. त्या जूनमध्ये माझी बदली झाली, आणि दोन वर्षांनी नाना गेल्याचा फोन आला. आता नाना म्हटलं की तेच बघणं डोळ्यांपुढं येतं. ते पेटीजवळून उठून टोळीच्या पोरांमध्ये खाली मांडी घालून बसले होते. पेटीचा दिवा मागं लुकलुकत होता, लिनक्स पडद्यावर काहीतरी विचारत होतं, व्हय की न्हाई. नानांनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांना त्या वेळी फक्त सुमनचं बोलणं ऐकायचं होतं.